माझ्या मैत्रिणींचा ब्रंच आणि यमुनेची आवणी

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण आमच्या ह्यांनी अर्ध्या जव्हारला सांगून झालंय, आणि सांगताना स्वतःच्या पदरचं इतकं घालतात की मीच एकदा नीट सांगून टाकलेलं बरं. चहा घ्या आधी. आणि हसायचं तर मोकळेपणाने हसा, मी आता लाजण्याच्या पलीकडे गेलेय.

मी मूळची कोरेगावची. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मोखाड्याच्या अलीकडे एका पाड्यावर. राहायला जव्हारला. सोळा वर्षं झाली. सोळा वर्षांत मी पुरती इथली झाले, असा माझा समज होता. माणसाचे स्वतःबद्दल काय काय समज असतात, नाही का?

तर सगळं सुरू केलं आमच्या रेवाने. लेक पुण्यात नोकरीला आहे, आणि तिथे बसून ती माझं आयुष्य सुधारत असते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला.

"आई, तू नुसती शाळा आणि घर करतेस. मैत्रिणींसाठी म्हणून कधी काही केलंयस? ब्रंच कर."

"म्हणजे काय करू?"

"नाश्ता आणि जेवण, यांच्या मधलं."

"मधे तर भांडी असतात."

"आई, प्लीज. सकाळी अकराला बोलवायचं. मस्त टेबल सजवायचं, फुगे लावायचे. आणि थीम ठेवायची. सगळ्यांनी पिवळं घालायचं. पिवळा मैत्रीचा रंग असतो."

मला आजवर पिवळा रंग हळदीचा आणि काविळीचा एवढाच ठाऊक होता. पण लेक इतक्या हौसेने सांगत होती, की मलाही वाटायला लागलं, खरंच, आपण मैत्रिणींसाठी काही केलंच नाही. वयाची पन्नाशी आली. बायका बायकांनी जमावं, नवरे-मुलं बाजूला ठेवून खावं-प्यावं, एकमेकींना छान म्हणावं. मी एकदम हळवी झाले. मी हळवी झाले की घरात खर्च होतो.

रेवाने पदार्थांची यादी पाठवली. पास्ता. काकडीचे सँडविच. केक. कोल्ड कॉफी. जव्हारच्या जुलैमध्ये कोल्ड कॉफी, बरं का! आमच्याकडे त्या दिवसांत धुकं खिडकीतून आत येऊन सोफ्यावर बसतं. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'लोकल फीलसाठी नाचणीची भाकरी. चुलीवरची असेल तर बेस्ट. इथे त्यासाठी लोक रांगा लावतात.'

मग मी पाहुण्यांची यादी केली. पहिलं नाव भोये मॅडमचं. माझ्याच शाळेतल्या, कोकणा शेतकरी घरातल्या, खोडाळ्याच्या बाजूच्या. मोजकं बोलणार, पण बोलतील ते नेमकं. दुसरं नाव सिस्टरचं. दवाखान्यात नर्स आहे आणि माझ्या बीपीवर तिचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष असतं. तिसरं नाव शिक्षण खात्यातल्या मॅडमचं. त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांची-माझी भेट दोनदाच झाली होती, आणि दोन्ही वेळा त्या माझी हजेरी तपासत होत्या. पण मैत्री कुठेतरी सुरू व्हावीच लागते, असं मी स्वतःला समजावलं.

ह्यांनी यादी बघितली. "यमुना?"

"तिला बोलावतेय ना. भाकरी तीच करणार आहे."

"हं," हे म्हणाले.

आमच्या ह्यांच्या 'हं'मध्ये फार मजकूर असतो. मी तो वाचला नाही.

यमुना म्हणजे आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. वारली, पाड्यावरचीच. गेली बारा वर्षं रोज दुपारी पोरं जेवून उठली, की ती आणि मी खिचडीघराच्या उंबऱ्यावर बसून जेवतो. माझ्या डब्यातली पोळी तिच्या ताटलीत, तिची चटणी माझ्या डब्यात. मला हिवताप झाला होता तेव्हा ती पायी डांबरी रस्त्यापर्यंत येऊन, जीप पकडून, जव्हारला मला बघायला आली होती, आणि माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली होती, "बाई, तुमी नाय तर शालेत बोलायला कोन नाय." माझी सासू गेली तेव्हा, रेवाला पुण्याला सोडून आले तेव्हा, मी कुणाजवळ रडले? त्या उंबऱ्यावर. आता तुम्ही म्हणाल, मग ही बाई यादीत कशी नव्हती? तेच तर सांगतेय. मला सुचलंच नाही. मैत्रिणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसणाऱ्या बायका आल्या.

शुक्रवारी खिचडीघरात मी तिला गाठलं. ती पातेल्यात डाव फिरवत होती.

"यमुने, रविवारी सकाळी सातला घरी येशील? तुझ्या हातच्या नागलीच्या भाकरी हव्यात. माझ्या मैत्रिणी येणार आहेत."

"काय हाय? लगीन?"

"नाही गं. मैत्रिणींनी जमायचं, खायचं, गप्पा मारायच्या. सगळ्या पिवळं नेसणार आहेत."

"त्याला रविवार कशाला लागतो? आपन तर रोज जमतो."

हे वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. आत गेलं नाही.

"रविवारी," ती पुन्हा म्हणाली आणि तिचा डाव थांबला. जरा वेळ ती पातेल्यातच बघत राहिली. मग विचारलं, "मी पन पिवला नेसू?"

"नेस की. फोटोत छान दिसेल. आणि एकटीला जड जाईल, तर सोबत कुणालातरी आण."

"बरा," ती म्हणाली. "येन."

मला वाटलं, ठरलं. कामाची बाई ठरली, की घरच्या बाईच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरतो. सांगतानासुद्धा मला या वाक्याची लाज वाटतेय, पण मनात आलं होतं ते हेच.

रविवारी सकाळी सातला दार वाजलं. उघडलं तर धुक्यात आधी नुसता पिवळा रंग दिसला. त्याच्यामागे आणखी एक पिवळा. त्याच्यामागे आणखी. यमुना पुढे, आणि मागे आठ बायका. नऊच्या नऊ एकसारख्या पिवळ्या साड्यांत. पाड्यावरच्या कुठल्याशा लग्नात हळदीला सगळ्यांनी मिळून तशा घेतल्या होत्या म्हणे. म्हणजे रेवा ज्याला थीम म्हणते, ती या बायकांकडे आधीच पेटीत घडी करून ठेवलेली होती.

कुणाच्या डोक्यावर सुक्या लाकडांची मोळी, मेणकापडात गुंडाळलेली. कुणाच्या पिशवीत नागलीचं पीठ, कुणाकडे कुरडूची भाजी, कुणाकडे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पहाटे पाचला निघाल्या होत्या.

आणि माझ्या मनात काय आलं? 'यमुना किती गुणाची. मदतीला आठ जणी घेऊन आली.'

मग काय विचारता! दोघींना झाडू दिला. दोघींना काकड्या चिरायला बसवलं. दोघींना फुगे बांधायला लावले, कारण ह्यांचा श्वास सहाव्या फुग्याला संपला. बाकीच्यांनी परसात पत्र्याखाली तीन दगड मांडून चूल पेटवली. मी मधोमध उभी राहून हुकूम सोडत होते. 'इकडे नाही, तिकडे.' 'ती फुलदाणी नीट धर.' 'टेबलाला हात लावू नकोस, चादर खराब होईल.' चार तास मी त्या बायकांना नाचवलं. आणि त्या काम करता करता खिदळत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, माझ्या फ्रिजवरचे रेवाचे लहानपणचे फोटो बघत होत्या. कामाला आलेल्या बायका इतक्या खुशीत नसतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी काकड्या मोजत होते.

अकराला पाहुण्या आल्या. भोये मॅडम हिरव्या साडीत, कारण पिवळीचा ब्लाउज शिंप्याकडे. सिस्टर ड्युटीवरून थेट, पांढऱ्या कपड्यांत. खात्यातल्या मॅडम निळ्यात, कारण त्यांना माझा निरोप नीट वाचायला वेळ झाला नव्हता. आणि तिघीही जेवून आलेल्या. अकराच्या आमंत्रणाला चहाबरोबर फार तर चिवडा मिळेल, असा तिघींनी आपापल्या परीने विचार केला होता.

"मी वरणभात खाऊन आले," खात्यातल्या मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या आग्रहाखातर अर्धा कप घेईन."

मी त्यांच्यापुढे कोल्ड कॉफी ठेवली. त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

टेबल मात्र बघण्यासारखं होतं. चार थाळ्या, प्रत्येक थाळीपुढे पिवळ्या कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. भोये मॅडम. सिस्टर. मॅडम. आणि मंगल, म्हणजे मी. आम्ही बसलो. मी आता 'मैत्री म्हणजे काय' यावर दोन शब्द बोलणार होते. रेवाने लिहून दिले होते.

तेवढ्यात यमुना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिच्यामागून आठही जणी. हॉलमध्ये, टेबलाच्या समोरच, भिंतीला टेकून ओळीने खाली बसल्या. पदर सारखे केले. आणि माझ्याकडे बघायला लागल्या, पंगतीत वाढायची वाट बघतात तसं.

वर एक फुगा तेवढा पंख्याला घासत होता.

मॅडमनी मला विचारलं, "मंगलताई, या बायका तुमच्याकडे कामाला असतात का?"

मी तोंड उघडायच्या आत यमुना बोलली. "नाय. आमी बाईंच्या मैत्रिनी. बाईंनी पिवला नेसून बोलावलाय." मग तिने मॅडमची निळी साडी बघितली, सिस्टरचे पांढरे कपडे बघितले, भोये मॅडमची हिरवी बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात मला विचारलं, "बाई, ह्या कोन?"

काय उत्तर द्याल तुम्ही?

"ह्या," मी म्हटलं, "ह्या पाहुण्या आहेत."

यमुनेने मान डोलावली. "पाहुन्या होय. बसा बसा, आरामात बसा," ती मॅडमना म्हणाली. माझ्याच घरात.

त्यांच्यातली एक तरुण पोरगी होती, दहावी झालेली. ती उठून टेबलाजवळ आली आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लागली. "भोये मॅडम. सिस्टर. मॅडम. मंगल." मग निरागसपणे म्हणाली, "आमच्या नावाचे कुठं?"

"ते… ते पावसात भिजले," मी म्हटलं. घरात, कपाटात ठेवलेले कागद पावसात भिजले!

इथे आमचे हे पुढे झाले. एरवी मला अडचणीत बघून ज्यांना समाधान वाटतं, तेच. "भिजले नाहीत, लिहायचे राहिलेत. मी लिहितो," असं म्हणून त्यांनी स्केचपेन घेतला, उरलेला पिवळा कागद कापला आणि मला विचारलं, "हं, सांग नावं."

मी म्हटलं, "यमुना."

"पुढे?"

पुढे मला एकही नाव येत नव्हतं. चार तास 'ए, अगं, इकडे ये' करत होते ना मी! हे खाली मांडी घालून बसले आणि एकेकीला विचारून नावं लिहायला लागले. चैती. मंजुळा. सोनी. लाडकी. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

नेमका तेव्हा रेवाचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी फोन उचलून सगळ्या हॉलवरून फिरवला.

"आई गं, किती भारी," रेवा ओरडली. "तुझ्या मैत्रिणींनी थीम काय पाळलीय! सगळ्या एकसारख्या! आणि खाली बसून! किती अस्सल!" मग फोन टेबलाकडे वळला. "आई, त्या मागे खुर्चीवर बसल्यात त्या कोण? त्यांना कुणी थीम सांगितली नाही का?"

भोये मॅडम हसल्या. खुर्चीवरून उठल्या, आपली थाळी उचलली आणि यमुनेच्या शेजारी जाऊन खाली बसल्या. मग सिस्टर गेली. मॅडमचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या एकट्याच खुर्चीवर राहिल्या, थाळीपुढच्या नावाच्या चिठ्ठीसकट. पण खुर्ची त्यांनी ओढून ओळीच्या शेवटी आणली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

मी पास्ता वाढला. चैती, त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, तिने एक तुकडा चावला, शेजारणीकडे बघितलं, आणि काळजीने म्हणाली, "बाई, शिजला नाय."

"तो तसाच असतो."

"पोटात दुखंल तुमच्या पाहुन्यांच्या." असं म्हणून तिने पातेलं उचललं आणि चुलीवर नेलं. लसूण, मिरची, कांदा घालून दहा मिनिटांत परत आणलं. वरणभात खाऊन आलेल्या मॅडमनी तो दोनदा घेतला. वास्त्याची भाजी आणि भाकरी तर त्यांनी पदर खोचून खाल्ली. केक सगळ्यांना आवडला. कोल्ड कॉफी लाडकीने चुलीवर उकळून आणली, तेव्हा तीही संपली.

भाकरी आणायला मी आत गेले, तर भोये मॅडम मागोमाग आल्या.

"मंगल, यमुनेला तू काय म्हणून बोलावलं होतंस?"

मी खरं सांगितलं. त्यांना खोटं सांगता येत नाही, त्या गणित शिकवतात.

त्यांनी खिडकीबाहेरच्या पावसाकडे बोट केलं. "आवणीचे दिवस आहेत, ठाऊक आहे ना?"

"हो, भात लावतात ना सगळीकडे."

"कसं लावतात? मजूर कोण लावणार इथे? आठ-नऊ घरच्या बायका मिळून एकेकीचं शेत उरकतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. यमुना आठवडाभर शाळेत, म्हणून तिच्या शेताला रविवार. आज तिचा दिवस होता. तिने त्या सगळ्यांचे हात तुझ्याकडे आणले. तिचं शेत तसंच पडलंय."

मी भाकरीची टोपली खाली ठेवली.

"आणि रोप जून झालं, की नंतर लावून फुटवे येत नाहीत," भोये मॅडम म्हणाल्या. "वर्षाचं खाणं असतं ते. आणखी एक सांगते, आठ जणी तुझ्या घरी राबल्या, म्हणजे आता तू त्यांच्यात धरली गेलीस. आठ जणींच्या शेतावर तुझा एकेक दिवस. यमुनेचा वेगळा."

टोपली घेऊन मी बाहेर आले, तेव्हा यमुना सिस्टरला बळेच भाकरी वाढत होती, माझ्या घरची मालकीण असल्यासारखी. मला तिच्याकडे बघवेना. रेवाने लिहून दिलेलं मैत्रीवरचं भाषण माझ्या ब्लाउजमध्ये खोचलेलं होतं. ते तिथेच राहिलं.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. सोमवारपासून पावसाने दडी मारली. जव्हार-मोखाड्याला जुलैत चक्क ऊन. मी पोरांना पाढे सांगता सांगता खिडकीतून आभाळ बघत होते. यमुना नेहमीसारखी खिचडी ढवळत होती, आणि मी उंबऱ्यावर बसून तिच्या शेतातलं पाणी आटताना मनात बघत होते. बुधवारी तिला म्हटलं, "यमुने, रविवारी तुझी आवणी लाव. मीपण येते."

"तुमी?" ती हसली. "या की."

शनिवारी दुपारी पाऊस आला आणि रात्रभर पडला. मला इतका आनंद झाला, की मी ह्यांना शिरा करून घातला.

रविवारी सकाळी मी शेतावर हजर. जुना पंजाबी ड्रेस, वर ह्यांचा रेनकोट. नऊ जणी आधीच ओणव्या झालेल्या होत्या. चिखलात पाऊल टाकलं ते गुडघ्यापर्यंत गेलं, आणि चप्पल तिथेच राहिली. ती अजून तिथेच असावी. यमुनेने रोपांची जुडी हातात दिली, कसं खुपसायचं ते दाखवलं. मी लावायला लागले. त्या सगळ्या भराभर मागे मागे सरकत होत्या, मी एका जागी. पण जिद्दीने लावत होते. कंबर मोडली, तरी थांबले नाही. मनात म्हणत होते, मंगल, हे तुझं प्रायश्चित्त आहे, खालमानेने कर.

तासाभराने कमरेवर हात ठेवून ताठ झाले, आणि माझं काम बघितलं, तर मी लावलेलं निम्मं रोप पाण्यावर तरंगत होतं. आणि यमुना माझ्या मागोमाग येऊन, एक एक काडी उचलून, पुन्हा खुपसत होती. पहिल्यापासून तेच करत असावी.

मला राहवलं नाही. "यमुने, एक खरं सांगू? त्या दिवशी मी तुला भाकऱ्या करायला बोलावलं होतं. म्हणजे कामाला. मैत्रीण म्हणून नाही."

"ठावा हाय," ती खाली बघतच म्हणाली.

"ठाऊक होतं? मग पिवळं नेसून, आठ जणींना घेऊन, ती आवणी सोडून…"

"तुमाला बोलवता नाय आला," ती म्हणाली आणि माझी आणखी एक काडी सरळ केली. "माला येता आला."

मला रडू आलं. चिखलात रडायचं म्हणजे फार अवघड, डोळे पुसायला हात मोकळा नसतो. मी तशीच उभी राहिले. तिने आपल्या खांद्याने माझा गाल पुसला, कारण तिचेही हात चिखलाचेच होते, आणि म्हणाली, "उभ्या राहू नका, पाय आनखी जातील."

त्या दिवशी यमुनेचं शेत उरकायला रोजच्यापेक्षा दोन तास जास्त लागले. भोये मॅडमनी हिशेब करून सांगितलं, की नऊ जणींत मी दहावी झाले नाही, आठच उरल्या होत्या, कारण यमुना पूर्णवेळ माझ्या मागे होती.

पण मी आता मागे हटणार नव्हते. घरी येऊन कमरेला शेक घेत घेत मी कॅलेंडर काढलं आणि आठ रविवारांवर आठ नावं लिहिली. या वेळी सगळी पाठ होती. चैती, मंजुळा, सोनी, लाडकी, सगळ्या. आवणी संपली तर निंदणी, निंदणी संपली तर कापणी, पण प्रत्येकीचा दिवस फेडायचाच. सोमवारी यमुनेजवळ निरोप दिला, की सगळ्यांना सांग, बाई एकेकीकडे येणार आहेत.

मंगळवारी दुपारी उंबऱ्यावर जेवताना यमुना म्हणाली, "बाई, तुमचा निरोप दिला मी."

"मग? पहिला रविवार कुणाचा?"

"सगल्या बोलल्या, बाईंना येऊ नको देऊ. आमच्यापायी शाला बुडंल, पोरांचा नुकसान होल."

मला त्या बायकांचं इतकं कौतुक वाटलं! शिक्षणाची केवढी कदर! "अगं, पण त्यांना सांगितलंस ना, मी रविवारी येणार आहे? रविवारी शाळा नसते."

"सांगला ना." यमुनेने माझ्या डब्यातली पोळी घेतली, तिची चटणी माझ्याकडे सरकवली, आणि जरा वेळ चावत राहिली.

"मग काय म्हणाल्या?"

"बोलल्या, मंग बाईंना सांग, रविवारची पन शाला भरवा."